हटवारांच्या लाल गाडीचे चार बोल्ट

गाडीत बसणारा माणूस स्टिअरिंग बघतो, आरसा बघतो, गाण्याचा आवाज कमी-जास्त करतो. आपण ज्यावर बसलो आहोत ते कशानं धरून ठेवलंय, हे विचारावंसं त्याला कधी वाटत नाही. माझ्या गॅरेजात लोक इंजिनावरून भांडले, एसीवरून भांडले, अ‍ॅव्हरेजवरून तर रोज भांडायचे. सीटच्या बोल्टवरून भांडायला कोणी आलं नाही. यायला हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मला सांगणं आलं की लांजेवारांनी गॅरेजातल्या गमती लिहाव्यात. गमती आहेत. नेहरू नगरात कोचिंग क्लास चालवणारे एक सर होते. गाडीत वास येतो म्हणून आले. तीन दुकानांतून अत्तराच्या बाटल्या टांगून झाल्या होत्या. मी सीट काढली तर खाली उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि त्यात उंदरानं थाटलेला संसार. मी विचारलं, "सर, ही मुलं पास झाली का?" सर शांतपणे म्हणाले, "त्या साली मी अंदाजानं मार्क दिले होते. रिझल्ट चांगला लागला." पावर हाउस भागातला एक कापडवाला गाडी वळली की खटखट होते म्हणून महिनाभर हैराण होता. दोन मिस्त्रींनी त्याची पुढची चाकं खोलून पाहिली होती. सीटखाली कापड मोजायचा लोखंडी गज पडला होता. दुकानात तो गज चोरल्याचा आळ घेऊन त्यानं एका नोकराला काढूनही टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला परत बोलावून घेतलं, असं ऐकलं.

या झाल्या गमती. पण लिहायला बसलो की हात सारखा लाल गाडीकडेच जातो. त्या गोष्टीनं मी असा हादरलो की पुढं दीड महिन्यात गॅरेज बंद केलं. लोकांना वाटलं, वय झालं.

रामदास हटवार हे रेल्वेतले. जन्म गोंदियाकडचा आणि सारी नोकरी दुर्ग लाइनवर, इंजिन चालवण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी एका दलालाकडून दोन दारांची, दोनच सीटची जुनी विलायती गाडी घेतली. लाल, बुटकी, बसायचं म्हणजे खाली उतरल्यासारखं बसावं लागायचं. लोक हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "हटवारजी, या वयात रेसची गाडी?" ते म्हणाले, "पस्तीस वर्षं हजारो लोकाइले घेऊन फिरलो, भाऊ. बायकोले कधी बाजूले बसवलं नाई. आता दोनच सीटची घेतली. तिसरा कोणी बसूच नाई शकत." सुमनवहिनी तेव्हा शेजारीच उभ्या होत्या. त्या लाजल्या आणि पदर सारखा करत दुसरीकडे बघू लागल्या.

वर्षभर दोघं दर रविवारी रायपूरला लेकीकडे त्या गाडीनं जात. मग कुम्हारीजवळ एक दिवस रस्त्यात म्हैस आली. हटवारांनी ब्रेक मारला. त्यांना काही झालं नाही, म्हशीलाही नाही. वहिनींचा गुडघा मात्र समोरच्या डॅशबोर्डच्या फळीवर आपटून वाटी फुटली. ऑपरेशन झालं, तरी पाय धड झाला नाही आणि हातात काठी आली. त्या दिवसापासून वहिनी त्या गाडीत बसल्या नाहीत. लेकीच्या घरी बसनं गेल्या, लग्नकार्याला ऑटोनं गेल्या. लाल गाडी पुढं आणि वहिनींचा ऑटो मागं, अशी वरात मी स्वतः पाहिली आहे. नात्यातले लोक त्यांना भित्र्या म्हणायचे. त्या एवढंच म्हणायच्या की सीट उडाली होती.

त्या वेळी गाडी माझ्याकडे आली होती. ते पुढं सांगतो, कारण मलाही ते पुढंच आठवलं.

सहा वर्षांनी हटवार एकटेच आले. म्हणाले, "माही सीट बोलून राह्यली. ब्रेक मारला का टक्, गाडी उचलली का टुक्. टक् मांगून येते, आतल्या अंगानं." इंजिन चालवलेल्या माणसाचा कान तो. मी पाना लावला, मागचा आतला बोल्ट ढिला होता. कसला. कसताना तो वळत गेला, वळत गेला, आणि कुठं ठामपणे थांबला असं काही झालं नाही. हाताला ते जाणवलं. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच. "झाली पक्की," असं सांगून मी त्यांना पाठवून दिलं. त्याच दिवशी ते रायपूरला जाऊन आले.

चौथ्या दिवशी परत टक्. आता मात्र सीट पुढं सरकवून, गालिचा उचलून बोल्ट काढायला घेतला. पान्यानं जेमतेम अर्धा वेढा दिला असेल, बोल्टाचं डोकं माझ्या हातात आलं. खालचा तुकडा गाडीतच राहिला. आधी मला कळलंच नाही की काय झालं. मी डोकं हातात धरून तसाच वाकलेला राहिलो. याच बोल्टावर चार दिवसांपूर्वी हा माणूस ऐंशीच्या वेगानं रायपूरला जाऊन आला होता, आणि पक्की झाली असं मी त्याला सांगितलं होतं.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. सीट चार बोल्टांवर जमिनीला बांधलेली असते. बऱ्याच जुन्या गाड्यांत सीटबेल्टच्या पट्ट्याचं आतलं टोक थेट गाडीच्या सांगाड्याला असतं. या गाडीत पट्टा ज्यात अडकवतात ते कुलूप सीटलाच लावलेलं होतं, आतल्या बाजूनं. म्हणजे जोरात ब्रेक लागला की माणसाचा सगळा भार पट्ट्यावर, पट्ट्याचा कुलपावर, कुलपाचा सीटवर आणि सीटचा मागच्या आतल्या बोल्टावर. म्हणून कंपनी हे बोल्ट कडक पोलादाचे देते आणि डोक्यावर त्या ताकदीचा आकडा कोरते. साध्या लोखंडाचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण जोर पडला की ताणला जातो. ताणला की ढिला वाटतो. ढिला वाटला की मिस्त्री कसतो, आणि कसला की तो अजून ताणला जातो. मी चार दिवसांपूर्वी बोल्ट घट्ट केला नव्हता. मी तो तोडत आणला होता.

माझ्या हातातल्या डोक्यावर आकडा नव्हता. पुसून उजेडात धरलं. मध्ये एक बारीक टिंब आणि त्याभोवती नखानं काढावी तशी एक गोल रेघ.

मी टायरावर बसलो.

ती खूण माझी होती. गॅरेज काढण्यापूर्वी मी इथल्या इंडस्ट्रियल एरियात एका लहान कारखान्यात लेथ मशीनवर होतो. आमच्या हातात कसब होतं आणि त्याचा माजही होता. बाजारात न मिळणारा कुठलाही बोल्ट, कुठल्याही आट्यांचा, म्हणजे पेचाच्या वळशांचा असो, नमुना आणा आणि संध्याकाळी तसाच घेऊन जा. मालकाच्या कामातून वेळ काढून ओळखीपाळखीची ही कामं चालत. त्याला एक रीत होती. नमुना देणाऱ्याला "हा कुठं लागतो" असं विचारायचं नाही. फोरमननं पकडलं तर "मले काय माहीत" हे खरं खरं सांगता यावं म्हणून. नवीन माणसानं तसं विचारलं की सगळे त्याच्याकडे बघायचे, जसं काही त्यानं कोणाच्या घरातली गोष्ट विचारली. तेव्हा ती रीत आम्हाला शहाणपणाची वाटायची. आज वाटतं, चोराच्या मनात चांदणं.

असाच एका सोबत्यानं एक विचित्र आट्यांचा बोल्ट आणून दिला होता, असे चार पाहिजेत म्हणून. मला ते आटे आठवतात, कारण त्यासाठी लेथचे गिअर बदलून हिशोब बसवावा लागला होता. नमुन्याच्या डोक्यावर काही आकडे होते. तेही कोरून देऊ का, असं मी गमतीनं विचारलंही होतं. तो म्हणाला, "राहू दे, शोभेचे असतील." मी आकड्यांच्या जागी माझी खूण काढली. समोर जे लोखंड पडलं होतं त्यातनं चार बोल्ट करून दिले. नमुन्याशेजारी ठेवले तर खरा कोणता ते ओळखू येऊ नये, इतके सफाईदार. कारखान्यातल्या सगळ्यांनी हातात घेऊन पाहिले. तो दिवस मी नंतर कितीदा अभिमानानं आठवला आहे.

ती गाडी दलालाकडे यायच्या आधी ज्यानं नीट करून घेतली, त्यानं दोन्ही सीटच्या मागच्या बाजूला माझे दोन-दोन बोल्ट लावले असणार. चार होते, एक माझ्या हातात तुटला. डाव्या सीटकडे वळायला मला पाच मिनिटं लागली.

डावी सीट वहिनींची. सहा वर्षं तिच्यावर भाजीच्या पिशव्या बसल्या असतील तेवढ्याच. सीट सरकवण्याचा खटका जाम होता. तेल घातलं, ठोकलं, शेवटी सरकली. गालिचा उचलला. मागच्या आतल्या बोल्टाचं डोकं जागेवर होतं, त्यावर माझी खूण होती, आणि ते मी दोन बोटांनी उचललं. पाना लागलाच नाही.

तुटलेलं लोखंड बोलतं. ताजं तुटलं तर आतला भाग साखरेच्या दाण्यांसारखा चमकतो. हळूहळू चीर जात तुटलं तर चिरेचा भाग काळा आणि शेवटी तुटलेला भाग चकचकीत. उजवा बोल्ट तसा होता. डाव्या बोल्टाची तुटलेली जागा अख्खी तांबूस होती, गंजाचे पोपडे सुटत होते. सीटच्या पायालाही ज्या जागी तो उचलला गेला तिथं वाकल्याची खूण, आणि त्या खुणेवरही गंज. हा बोल्ट सहा वर्षांपूर्वी, एका झटक्यात तुटला होता. वहिनी सांगत होत्या तसंच झालं होतं. सीट उडाली होती.

आणि तेव्हा मला कुम्हारीनंतरचा तो दिवस आठवला. हटवारांनी गाडी आणली होती. म्हणाले होते, "बायको म्हनते सीट उडाली. एकदा पाहून देशीन का." मी सीट दोन्ही हातांनी धरून हलवली. पुढचे दोन बोल्ट दिसत होते, ते कसून पाहिले. मागच्यांसाठी सीट सरकवावी लागते, खटका जाम होता, दुसरी दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी हात पुसले आणि म्हणालो, "पक्की आहे सीट. घाबरल्यावर बायामाणसांना वाटतं तसं." हटवार हसले होते. मीही हसलो होतो.

एका सीटमध्ये मी तीनदा चुकलो होतो. बोल्ट केला तेव्हा विचारलं नाही, तपासायला सांगितलं तेव्हा पाहिलं नाही, आणि न पाहता बोललो. या गाडीला ते बोल्ट कुठून आले हे सांगणारं आता कोणी नव्हतं. तो सोबती वारला आहे. मी चारही बोल्ट भंगाराच्या डब्यात टाकून नवे लावले असते, तर कोणाला काही कळलं नसतं. तो विचार माझ्या मनात आला होता, हे लिहून ठेवतो.

हटवारांना फोन केला. ते आले. बाकावर वर्तमानपत्र पसरून मी चार बोल्ट ठेवले, दोन अख्खे, दोन तुटलेले. खूण दाखवली. सगळं सांगितलं, घाबरलेल्या बायामाणसांचं वाक्यही सांगितलं. मला वाटलं होतं, हा माणूस मला दोन लगावेल. त्यांनी गंजलेला तुकडा उचलला आणि बराच वेळ बोटांत फिरवत राहिले.

"म्हंजे तिची सीट खरंच उडाली होती," ते म्हणाले.

"हो."

"रेल्वेत कायी झालं का पह्यली चौकशी ड्रायवरची होते. मी गाडी चालवून राह्यलो होतो, आन चौकशी केली तिची. तू पट्टा नीट लावला नसशीन, म्हनलं. तू पाय वर घेऊन बसली असशीन, म्हनलं. मिस्त्री म्हनते सीट पक्की हाये, म्हनलं." त्यांनी तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला. "सहा वर्षं, भाऊ. लेकीसमोर, जावयासमोर. मी हसलो तिले."

मी म्हणालो, "हटवारजी, चूक माझी आहे."

"तुमची हायेच," ते म्हणाले. "पन ते मले नका सांगू. घरी चला, तिले सांगा."

मी म्हटलं, आधी नीट बोल्ट लावू द्या. खरे, आकडे असलेले बोल्ट रायपूरच्या एका दुकानातून मागवायला पंधरा दिवस लागले. तोवर गाडी माझ्याकडे चाव्या काढून उभी होती. ते पंधरा दिवस मला एकच छळत होतं. मी आयुष्यात असे किती नमुने करून दिले? कोणाच्या झोपाळ्याचा हुक, कोणाच्या ट्रॉलीची पिन, कोणाच्या मोटारसायकलचा बोल्ट. मी कधीच विचारलं नव्हतं. आता विचारायला कोणाकडे जाणार?

सोळाव्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. हटवार चालवत होते. मी डाव्या सीटवर बसायचं टाळलं आणि माझ्या स्कूटरनं मागं गेलो. हे मी ठरवून केलं नव्हतं, तसं झालं खरं.

वहिनी व्हरांड्यात खुर्चीवर बसून लसूण सोलत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गंजलेला बोल्ट त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी तो उचलला नाही, फक्त पाहिला.

"भाऊजी, तवा तुमी मांगचा बोल्ट पाह्यला होता का?"

"नाही, वहिनी."

"मंग पक्की हाये, असं कावून सांगतलं?"

गर्दी होती, खटका जाम होता, घाई होती. यातलं एकही त्यांच्या काठीकडे बघून सांगता येण्यासारखं नव्हतं. "चुकलं," एवढंच म्हणालो.

त्या लसूण सोलत राहिल्या. हटवार पायरीवर बसले होते. ते हळूच म्हणाले, "सुमन, आता नवे बोल्ट हायेत. कंपनीचे. बसून पाह्यते का?"

"आधी हे बसतीन," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "माह्या सीटवर. कुम्हारीपर्यंत जा, आन जिथं म्हैस आली होती तिथं तसाच ब्रेक मारा."

गेलो. बोल्ट मीच लावले होते, आकडे वाचून, मापानं कसून. तरी पट्टा लावल्यावर मी तो दोनदा ओढून पाहिला. कुम्हारीच्या अलीकडं रस्ता मोकळा बघून हटवार म्हणाले, "धरून बसा." ब्रेक लागला तेव्हा पट्टा छातीत रुतला आणि माझ्या तोंडून आईचं नाव निघालं. सीट तसूभर हलली नाही. माझा उजवा गुडघा मात्र आपोआप आखडून पोटाशी आला होता, आणि समोरची ती फळी मला पहिल्यांदाच नीट दिसली. वीतभर अंतरावर होती. आम्ही गाडी वळवली.

परत आलो तर वहिनी फाटकाशी येऊन उभ्या होत्या.

"हलली?"

"नाही, वहिनी. पक्की आहे."

शब्द तोंडातून गेला आणि मला चटका बसला. त्यांनाही तो ऐकू आला होताच.

मी घाईघाईनं दार उघडलं, सीट पुढं सरकवली, गालिचा उचलला, मोबाइलचा उजेड आत टाकला. म्हटलं, "माझ्या बोलण्यावर जाऊ नका. तुम्ही स्वतः बघा. डोक्यावर आकडा आहे, वाचा. हात लावून बघा."

त्या काठी टेकत दारापर्यंत आल्या. गाडी बुटकी, बोल्ट पार तळाशी. त्या थोड्या वाकल्या, मग थांबल्या. पुन्हा वाकून पाहिलं. हटवार धरायला पुढं आले, तेव्हा त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

"गुडघा वाकत नाई, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले पुन्हा तुमच्याच शब्दावर बसा लागन."